उलटा वारा

गणपतरावांची फियाट शेडसमोर येऊन थांबली तेव्हा इलाही एका जीपचं पुढचं चाक उतरवत बसला होता. शहात्तर सालचा उन्हाळा. उद्यमनगरात सकाळपासूनच लेथ कुरकुरत होते आणि शेजारच्या फौंड्रीतून जळक्या वाळूचा वास येत होता.

गणपतराव मूळचे कोडोलीचे. ऐन उमेदीत तालमीत घुमलेला गडी. आता शाहूपुरीत गुळाची अडत होती, पण मान अजून खांद्यात रुतलेली होती आणि आवाज अजून आखाड्यातलाच होता.

"मिस्त्री, गाडी पळाय पायजे," ते उतरता उतरताच म्हणाले. "पन्हाळ्याच्या घाटात शर्यत लावलीया. पुण्या-मुंबईची पोरं येणार हायत. त्यांच्यात आपलं हसं व्हायला नगो."

इलाहीनं बॉनेट उघडलं. इंजिनावर एअर क्लीनरचा काळा, पातेल्याएवढा डबा बसवलेला होता. त्यावर बोटानं टकटक करत तो म्हणाला, "ह्यो डबा म्हंजे गाडीच्या नाकाला बांधलेलं फडकं. धूळ अडवतोय, पण हवा बी अडवतोय. ह्यो काढायचा. कार्बोरेटरला जाड नळी जोडायची, पुढच्या जाळीपातूर आणायची आणि तिचं तोंड वाऱ्याकडं करायचं. गार हवा, आणि इंजिन मागंल तेवढी. चढाला फरक कळंल."

"मग लावा की! इचारताय काय?"

इलाही तोलून-मापून काम करणारा होता. नळीचं वळण त्यानं फौंड्रीत ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतलं. अडलं ते तोंडावर. नळी नुसती कापून ठेवली तर हवा कडेवर आपटते आणि तिथंच घोटाळते. तोंड हवं धोतऱ्याच्या फुलासारखं, कडा बाहेर वळलेल्या, म्हणजे हवा घसरत आत जाते. पत्रा ठोकून त्यानं तसं तोंड करून पाहिलं, तर कडेला चीर गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली.

दुपारी तो जेवायला घरात गेला. शेडच्या मागंच त्याचं बिऱ्हाड होतं, दोन खोल्या आणि मधे चिंचोळं अंगण. अंगणाकडच्या खोलीत त्याचे वडील लालासाब खाटेवर उशांना टेकून बसलेले असत. आडवं होणं त्यांना जमत नसे. जन्मभर ते बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आले होते. पेठ वडगावपासून कुरुंदवाडपर्यंत एकही मोठी वरात त्यांच्याशिवाय निघत नव्हती. मग दम्यानं धरलं, आणि आता एक वाक्य पुरं करायचं तरी वाटेत थांबावं लागायचं. ट्रंपेट खिळ्याला टांगलेलं होतं. त्याचे दट्टे अडकून बसले होते, नळी चेपली होती. पुढचं फुलासारखं तोंड मात्र शाबूत होतं.

भाकरी मोडता मोडता इलाही त्याकडं बघत राहिला.

"बघतोस काय," लालासाब म्हणाले. "पायजे तर... घे."

इलाहीनं कशाला हवंय ते सांगितलं. म्हातारा ऐकून हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, आणि इलाहीची बायको मलिका पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"जन्मभर ह्यातनं वारा भायेर गेलाय," दम जाग्यावर आल्यावर ते म्हणाले. "आत... कवा न्हाय गेला. बघ, त्याला चालतंय का."

संध्याकाळपर्यंत काम झालं. करवतीनं कापलेलं पितळी तोंड, जीपच्या रेडिएटरचा रबरी होज, दोन क्लिपा, तोंडावर बारीक तारेची जाळी. हवा वाढली म्हणून पेट्रोल सोडणारा जेटही त्यानं एक नंबर मोठा घातला. गणपतराव बसले, इंजिन सुरू झालं.

असल्या बदलानं गाडी घोरल्यासारखी घुरघुरते हे इलाहीला ठाऊक होतं. ही घुरघुरली नाही. एक लांब, भरलेला सूर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा, कुठं फाटत नव्हता. फौंड्रीतली माणसं बाहेर येऊन बघू लागली.

"आयला!" गणपतराव ओरडले, आणि गाडी पन्हाळ्याच्या वाटेला लावली.

इलाही हात धुवून घरात आला तेव्हा मलिका दारातच उभी होती.

"अब्बा झोपल्यात," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"आडवं हून झोपल्यात."

त्यानं आत डोकावलं. उशा खाली जमिनीवर होत्या. लालासाब कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते. छातीतली शिट्टी वाजत नव्हती.

त्यानंतर ते सुधारतच गेले. आधी खाटेवरून अंगणात आले, मग अंगणातून शेडमध्ये, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि औषध कोणाचं चालू आहे म्हणून विचारलं. इलाहीनं मनाशी हिशेब घातला. हवा कोरडी आहे, फौंड्री दोन दिवस बंद होती, वळीव अजून लांब आहे. दम्याच्या माणसाला असे बरे दिवस येतात. मलिका मात्र एकदा म्हणाली, "सारखं न्हाय, बरं का. दम मधीच आडतोय, मधीच एकदम मोकळा हुतोय. भायेर कुणीतरी नळ सोडल्यागत."

आठवड्याभरानं गणपतराव जेट तपासून घ्यायला आले. गाडीतून उतरले आणि उलट्या टाकलेल्या पिंपावर जाऊन बसले. पहिल्यांदाच ते असे बसले.

"गाडी काय पळती म्हणून सांगू! वाघबिळाचा चढ तिसऱ्या गेरवर काढला." मग ते थोडं थांबले. "मलाच जरा दम लागतोय. माडीचा जिना चढलो की बसावं लागतंय. वय झालं म्हणायचं."

इलाहीला वेगळी शंका आली. धूर आत येत असला पाहिजे. हवेची नळी बदलताना कुठंतरी सांधा ढिला झाला असेल, सायलेन्सरचा धूर पायाखालून आत येत असेल. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण तो माणसाला मारतो. त्यानं गाडी ठेवून घेतली. सगळे सांधे साबणाचं पाणी लावून पाहिले, इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यातलं एकूण एक भोक रबरानं बंद आहे का ते बघितलं. कुठं काही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः गाडी घेऊन निघाला, चारही काचा खाली करून.

शिवाजी पूल, केर्ली, सगळं सपाटीला ठीक होतं. वाघबीळ मागं पडलं, खरा चढ लागला, त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. पुढून तो भरदार सूर उठला आणि त्याच क्षणी त्याची छाती रिकामी झाली.

गुदमरल्यासारखं नव्हतं ते. तोंडावर वारा येत होता, श्वास आत घेता येत होता. पण घेतलेला श्वास आत थांबत नव्हता. कुणीतरी तो घेऊन जात होतं.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं बरं वाटलं. खाली उतरून त्यानं बॉनेट उघडलं आणि पितळी तोंडासमोर तळहात धरला. इंजिन बंद होतं. तरी हाताला ओढ लागली. मग ओढ सुटली. मग पुन्हा लागली, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या नाकापुढं हात धरावा तशी.

गरम इंजिन गार होताना हवा ओढत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. परत येताना त्यानं गाडी वीसच्या वर नेली नाही.

घरी आला तेव्हा लालासाब अंगणात पाण्याची भरलेली बादली उचलून नेत होते.

"आज तू चालवलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? गणपतरावच्या दमाला तंबाखूचा वास असतोय. आज न्हवता."

मध्ये कुठंही न थांबता ते बोलले होते. मलिका चुलीपुढं फुंकणी हातात धरून तशीच बसली होती.

"तुमास्नी कळतंय?" इलाहीनं विचारलं.

"पयल्या दिवसापासनं."

"मी ते काढून टाकतो, अब्बा."

"काढ," लालासाब म्हणाले. त्यांनी हातातल्या बादलीकडं पाहिलं, आणि मग अंगणावरच्या आभाळाच्या पट्टीकडं. "उद्या काढ."

पण संध्याकाळी गणपतराव गाडी न्यायला आले. इलाही म्हणाला, ठेवून जावा, काम राहिलंय. ते म्हणाले, शर्यत तोंडावर आली, सराव कधी करू? त्यांना सांगायचं तरी काय, हे इलाहीला कळेना. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मागच्या खोलीतून लालासाबांचा आवाज येत होता. वरातीतली कुठलीशी चाल ते तोंडानं म्हणत होते, न थांबता, अंतऱ्यापर्यंत. इलाहीनं किल्ली देऊन टाकली.

शुक्रवारी दुपारी गाडी पुन्हा आली. फाटकातून वाकडी आत शिरली आणि जीपला लागता लागता थांबली. गणपतराव दार धरून उतरले. ओठ राखेसारखे झाले होते.

"चढाला... डोळ्याम्होरं अंधार येतोय," ते म्हणाले. "पण गाडी... पळती हो, मिस्त्री!"

इलाहीनं त्यांना धरून आत नेलं आणि लालासाबांच्या खाटेवर निजवलं. त्यांना निजता येईना. मलिकानं खालच्या उशा उचलून त्यांच्या पाठीशी रचल्या. तो पहाडासारखा माणूस उशांना टेकून, तोंड उघडं टाकून बसला. छातीत शिट्टी वाजत होती.

लालासाब दारात उभे राहून बघत होते.

इलाही फौंड्रीतून डॉक्टरांना फोन करून परतला तेव्हा शेडमधून पान्याचा आवाज आला.

बॉनेट उघडं होतं. लालासाब आत वाकले होते. पहिली क्लिप सुटली होती.

"अब्बा, थांबा. मी करतो."

"थांबलोच की इतकं दिवस," ते म्हणाले. मान वर केली नाही. "तू आणिक उद्यावर टाकशील. मी बी टाकलं असतं."

दुसरी क्लिप सुटली. पितळी तोंड त्यांच्या हातात आलं.

कसलाही आवाज झाला नाही. फक्त आतल्या खोलीत गणपतरावांनी घेतलेला श्वास शेडपर्यंत ऐकू आला, खोल पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा.

लालासाब बंपरवर टेकले. पितळी तोंड त्यांनी मांडीवर ठेवलं होतं. ते काहीतरी सांगू पाहत होते. एकदा थांबले. पुन्हा थांबले. वाक्य पुरं झालं नाही.

आठवड्याभरातच लालासाब गेले. जनाज्याला गणपतरावांनी खांदा दिला आणि कब्रस्तानापर्यंत कुणाला बदलू दिला नाही. त्यांना दम लागला नव्हता. शर्यतीत ते जुना डबा लावून उतरले आणि शेवटून दुसरे आले. पितळी तोंड इलाहीनं फौंड्रीत नेऊन दिलं आणि ते वितळून दुसऱ्या मालात मिसळेपर्यंत भट्टीपाशी उभा राहिला.

लालासाबांच्या चाळिसाव्या दिवशी गणपतराव आले. तब्येत ठणठणीत होती. खाटेवर बसून लालासाबांविषयी चार चांगले शब्द बोलले, मग इकडचं तिकडचं. मलिकानं चहा आणला.

"एक नवीनच लचांड झालंय," ते हसत म्हणाले. "मिशीला चाई लागलीया. मधोमध केसच येईनात. न्हाव्यानं कायबाय लावून बघितलं, पर उपेग न्हाय. सकाळी उठलो की ओठ बी सुजल्यागत वाटत्यात."

इलाहीनं पाहिलं. झुपकेदार मिशीत नाकाखाली एक टक्कल पडलं होतं, कमानीसारखं. तशीच एक पुसट कमान खालच्या ओठावर होती. ट्रंपेटची फुंकायची तोंडी वर्षानुवर्षं दाबून धरली की ओठांवर तसा वळ पडतो, आणि तो नेमका त्या तोंडीच्या मापाचाच असतो. इलाहीनं असा वळ एकाच माणसाच्या तोंडावर पाहिला होता. शेवटची आंघोळ घालताना त्यावरून त्यानं स्वतः पाणी फिरवलं होतं.

गणपतरावांनी जन्मात कधी पिपाणीही फुंकली नव्हती.

ते बशीतला चहा निवायची वाट बघत होते. बोलताना त्या दोन कमानी वेगळ्या दिसत होत्या. ओठ मिटले की वर्तुळ पुरं होत होतं.