उत्तरेकडची पांढरी पट्टी

"ओटो, तू बर्फ काढतोयस की त्याला गोंजारतोयस?" काओने वरच्या पायरीवरून विचारलं.

"बोटं गारठलीत माझी. तुझी जीभ बरी गारठत नाही," ओटो म्हणाला. त्याची जुळी बहीण टिल्डा फावड्यावर रेलून खुदुखुदु हसली.

नाताळची सुट्टी लागली होती. रात्रभर बर्फ पडला होता, आणि शनिवारी सकाळी केटल बे गावातली निम्मी माणसं फावडी घेऊन स्टेडियमवर हजर झाली होती. दुसऱ्या दिवशी गावाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, बीव्हर्सचा, सतरावा, साखळीतला शेवटचा सामना होता. पहिले चारही सामने हरल्यावर गावाने या संघाची आशा सोडली होती. मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठून जोसाया ट्रेल मैदानात आला. तो चेंडू पोटाशी धरून असा काही धावायचा, की अंगावर येणारे गडी हवेलाच मिठी मारायचे. पुढच्या बारांतले नऊ सामने बीव्हर्सनी जिंकले. उद्याचा जिंकला तर बाद फेरी.

काओने कंबर सरळ करत खाली पाहिलं आणि ती पाहतच राहिली. मैदानाखाली कोमट पाण्याच्या नळ्या होत्या. त्यामुळे भुरभुरणारा बर्फ पडता पडता विरघळत होता आणि गवत हिरवंगार दिसत होतं. फक्त उत्तरेच्या टोकाला, गोलरेषेच्या अलीकडे, एक आडवी पट्टी पांढरी होती.

तिघं खाली उतरून मैदानाची देखभाल पाहणाऱ्या मिस्टर हाल्वर्सनकडे गेली. ते टीव्हीवाल्यांना आपलं गवत दाखवत होते.

"गुणफलकाची सावली पडते तिथे," काओचं बोलणं पुरतं न ऐकताच ते म्हणाले. "जा, फावडी मारा."

काओ चार पावलं गेली आणि थांबली. "सावली पडायला ऊन कुठे आहे? सकाळपासून नुसते ढग."

"म्हातारा आपल्याला उल्लू बनवतोय," ओटो म्हणाला.

"नाही रे. त्यांनी वर बघितलंच नाहीये," टिल्डा म्हणाली.

मैदानात पाय ठेवायची मनाई होती. पण कडेच्या गवतावरून बर्फाच्या ढकलगाड्या जात होत्या. तिघांनी गाडी ढकलत ढकलत कडेने दहा-दहा पावलांवर मुठीएवढा एकेक गोळा ठेवला. अर्ध्या तासाने येऊन पाहतात तो सगळ्या गोळ्यांचं पाणी झालं होतं. पांढऱ्या पट्टीच्या टोकाचा गोळा मात्र होता तसाच. ओटोने तिथे टाच आपटली आणि तो कळवळला.

"दगड आहे नुसता."

काओला जोसायाचा गुडघा आठवला. उद्या तो इथेच पडणार होता. गोलरेषेजवळच तर त्याला चौघे-चौघे मिळून पाडायचे, आणि दर वेळी तो त्या शिवलेल्या गुडघ्यावर यायचा.

मिस्टर हाल्वर्सन पुन्हा ऐकणार नाहीत, हे उघड होतं. काओने त्यांना नीट न्याहाळलं. त्यांच्या खिशातून एक लांब स्क्रूड्रायव्हर डोकावत होता. ती सरळ टीव्हीच्या कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"मिस्टर हाल्वर्सन, तो कशाला हो?"

"हा?" त्यांचा चेहरा खुलला. "माती तपासायला. मऊ जमिनीत मुठीपर्यंत गेला पाहिजे. माझ्या मैदानात जातोच."

"कुठेही?"

"कुठेही खुपस, पोरी."

"मग त्या गोलरेषेजवळ दाखवता? टीव्हीवर पण छान दिसेल."

कॅमेरावाली बाई लगेच निघाली. मिस्टर हाल्वर्सन ऐटीत पट्टीवर गुडघा टेकून बसले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर दाबला. तो बोटभरही गेला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. टक्क असा आवाज झाला. त्यांनी हातमोजा काढून तळवा जमिनीला लावला, आणि हळूच मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"कॅमेरा बंद करा," ते म्हणाले. "आणि तुम्ही तिघं, चला माझ्याबरोबर."

तळघरात नळ्यांच्या चाव्या रांगेने होत्या. सगळ्या उभ्या, शेवटची आडवी. त्या आडव्या चावीवर एक पिवळा रेनकोट टांगलेला होता.

"कुणाचा आहे?" ओटोने विचारलं.

मिस्टर हाल्वर्सननी रेनकोटाच्या बाहीला हात लावला. "माझा. ऑक्टोबरमध्ये गळती दुरुस्त करायला ही चावी बंद केली होती. मग जेवायची वेळ झाली." त्यांनी रेनकोट काढून चावी फिरवली. नळीत खळखळ सुरू झाली. "पण एका दिवसात एवढी गोठलेली जमीन सुटायची नाही."

"पाणी खालून तापवेल, आपण वरून तापवू," टिल्डा म्हणाली.

काओने धावत जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी पायऱ्यांवर उभं राहून हाक दिली, आणि घरी निघालेली माणसं मागे फिरली. कुणी जाड ताडपत्र्या आणल्या, कुणी गोदामातले गरम हवेचे पंखे. अंधार पडेपर्यंत सगळे त्या पट्टीशी झटत होते. रविवारी सकाळी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला जोसाया चेंडू घेऊन उत्तरेकडे सुटला. गोलरेषेच्या तीन पावलं अलीकडे चार जणांनी त्याला खाली आपटलं. काओने डोळे घट्ट मिटले.

"उठला," टिल्डा तिचा दंड दाबत म्हणाली. "काओ, बघ, उठला तो."

पुढची चाल फसली. बीव्हर्स दोन गुणांनी हरले. हंगाम संपला. पण एकही माणूस जागचा हलला नाही. टाळ्या वाजत राहिल्या.

मिस्टर हाल्वर्सन जोसायाला कठड्यापाशी घेऊन आले. त्याचा गुडघा चिखलाने माखला होता.

"हीच ती तिघं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी हे मैदान राखतोय, पण काल ते यांनी राखलं."

जोसायाने एकेकाशी हात मिळवला. काओने त्याचा हात सोडला नाही. "तुम्ही हरलात," ती कशीबशी म्हणाली.

"हरलो खरा," तो हसून म्हणाला. "पण घरी माझ्या पायांनी चालत जातोय. जुलैत सराव सुरू होईल, तेव्हा या. मी धावत असेन."