वेदनेचा पासंग

जलनिरोधगृहातल्या दवाखान्याला खिडकी नव्हती. बुडालेल्या बेटांवरून पळून आलेली माणसं समुद्रातल्या या लोखंडी चौथऱ्यावर डांबलेली होती आणि सगळ्यांत मिळून डॉक्टर एकच, विश्राम तोरसकर. कैदी त्याच्याशी बोलत नसत, कारण तो सरकारचा. पहारेकरी बोलत नसत, कारण तो कैद्यांना हात लावायचा. तो जेवायचाही एकटाच, वेदनामापकाशेजारी ताट ठेवून.

शरीर दुखो की माणूस एकटा पडो, मेंदूचा तोच भाग पेटतो. वेदनामापक ते वाचून आकडा देतो. आकडा साठच्या वर गेला तर चौथरा सोडायला बंदी, मग तो कैदी असो की नोकर. खाली असला की डॉक्टरनं 'प्रवासयोग्य' म्हणायचं आणि बोट कैद्याला परत नेणार, जिथं आता उभं राहायला जमीन नाही तिथं. कायदा फार सभ्य होता. माणसं बुडवायला सभ्य कायदाच लागतो.

आज बोट आली होती. तिच्यातून नवी डॉक्टर शलाका भोयर उतरली. परतीला तोरसकर सुटणार होता आणि हव्वा नावाची बाई परत पाठवली जाणार होती. हव्वा पोट धरून वाकली होती. तोरसकरनं वेदनामापकाचा पट्टा आधी स्वतःच्या कपाळाला लावला, कळ दाबली, मग तिला लावला. आकडा आला चार.

"चार म्हणजे?" हव्वानं विचारलं. मराठी ती पहारेकऱ्यांच्या शिव्यांतून शिकली होती.

"म्हणजे काही नाही."

"मग पोटात काय तुमचा अधीक्षक बसलाय?"

शलाका हसली नाही. स्वतःला पट्टा का लावला, असं तिनं विचारलं.

"शून्य लावलं," तोरसकर म्हणाला. "इथला घरघराट, हेलकावे सगळ्यांनाच छळतात. ते वजा करायला निरोगी माणूस लागतो. इथं तो मीच."

"म्हणजे तुम्ही तराजूचा पासंग. आणि सर, पासंगच जड झाला असेल तर?"

तिनं पट्टा स्वतःला लावून नवं शून्य घेतलं, मग हव्वाला लावला. एक्याऐंशी.

तोरसकर स्टुलावर बसला. सुरुवातीला त्याच्याकडेही सत्तर, पंचाहत्तर यायचे. मग आकडे उतरत गेले. अधीक्षक म्हणाला होता, डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे. आणि या शिकलेल्या माणसानं ते खरं मानलं होतं. एकेकाला बोटीत चढवलं होतं.

त्यानं कपाळ पुढे केलं. शलाकानं पट्टा लावला. सत्त्याहत्तर.

अधीक्षक आला, ऐकलं आणि तोडगा काढला. नेहमीसारखं तोरसकरच्या कपाळावर शून्य लावा. बाई चार, डॉक्टर शून्य, दोघंही बोटीत. घरी जा की राव, तो म्हणाला, तुमच्या लेकीचं लग्न ना?

पट्टा तोरसकरच्या हातात होता. बोटीचा भोंगा वाजला. त्यानं पट्टा शलाकाकडे दिला. म्हणाला, "शून्य तुझंच राहू दे. आणि इथं एकटी जेवू नकोस."

बोट दोघांना सोडून गेली. दुपारी तो पहिल्यांदाच ताट घेऊन कैद्यांच्या बाकावर, हव्वाशेजारी जाऊन बसला.

"तुमचा किती आला?" तिनं विचारलं.

"सत्त्याहत्तर."

हव्वानं घास गिळला.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही तीन दिला होता," ती म्हणाली, आणि ताट उचलून पलीकडच्या बाकावर गेली.