वाळू निघत नाहीये

ती खिडकी लोटून घे रे, वारा येतोय. आणि मध्ये बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या शेजारच्या नळवाल्याच्या बाबतीत घडलीय, आणि शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय.

माणूस असा, की समोर भूत उभं राहिलं तरी आधी विचारेल, गळती कुठे आहे? सीझन संपून पाहुणे गेले, की नदीच्या मुखाकडचे बंगले ओस पडतात. मालक शहरातून फोन करतात आणि हा जाऊन पाणी बंद करून येतो. सगळ्या किल्ल्या याच्याकडे.

त्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ गेला. पाहुण्यांना होडीतून फिरवायचा. ओहोटीला, मुखापाशी, होडी उलटली. चारही पाहुणे काठाला लागले. धाकटा सापडला नाही.

नळवाला रडला नाही. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी नळ बदलायला गेला. लोक म्हणाले, काळजाच्या जागी दगड आहे. दगड नव्हता रे... तिथे काहीच उरलं नव्हतं.

सतरावा दिवस. ऑक्टोबरची नऊ तारीख, सोमवार. रात्री पावणेदहाला तो शेवटच्या बंगल्याकडे निघाला. मी म्हटलं, "अरे, सकाळी जा की."

"घरी बसून काय करू?" तो म्हणाला. "भावजय अजून त्याचं ताट वाढते."

बंगला महिनाभर बंद. वीजही नाही. याने अंगणातल्या वॉल्व्हला पाना लावला, आणि वरच्या मजल्यावर नळ सुटला.

त्याला वाटलं, कुणी चोरून राहतंय. कुलूप काढलं, बॅटरी घेऊन जिना चढला. बाथरूमचं दार ओढलेलं. आत बादली भरत होती. मग तांब्या बुडला. अंगावर पाणी ओतल्याचा आवाज... पुन्हा... पुन्हा...

"कोण आहे?"

आवाज थांबला.

"दादा, पाणी बंद करू नकोस. वाळू निघत नाहीये."

धाकटा.

काय म्हणालास? घाबरला का? तेच तर मी त्याला विचारलं. म्हणाला, "भीती वाटायला हवी होती. वाटली नाही." त्याने दाराला हात लावला.

"उघडू नकोस, दादा. तुला बघवणार नाही."

याने हात काढून घेतला. पायरीवर बसला. बॅटरी विझवली. अंधारात पाणी ऐकत राहिला. अकरा वाजले. बारा वाजले.

"घरी येतोस?" त्याने एकदाच विचारलं.

...

नुसतं पाणी.

"ती वाट बघते रे."

...

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पुन्हा पाणी.

तीन वाजून दहा मिनिटांनी नळ बंद झाला. आपोआप.

"दादा."

"हं."

"झालं. कर आता बंद."

तो उठला. खाली आला. वॉल्व्ह फिरवला. घट्ट. डोळ्यांत पाणी नाही. काही नाही.

सकाळी माझ्याकडे चहा पिताना त्याने हे सगळं सांगितलं, गळक्या नळाबद्दल सांगावं तसं. मी त्याच्याबरोबर गेलो. बाथरूमचं दार मी ढकललं. फरशी कोरडी. बादली कोरडी, बुडाशी जाळं. पण दारामागच्या खुंटीवर एक निळा शर्ट. पिळून टांगलेला. त्यातून थेंब गळत होते.

आम्ही तो भावजयीकडे नेला. तिने हातात घेतला. वरचं बटण पाहिलं.

"हे मी लावलंय. त्याच सकाळी," ती म्हणाली. "हाच घालून गेले होते."

मग आत जाऊन तिने तो दोरीवर वाळत टाकला.

त्या रात्री तिने त्याचं ताट वाढलं नाही.

शर्ट अजून तिथेच आहे. दोन कडक उन्हाळे गेले. परवा मी स्वतः पिळून पाहिला...

पाणी निघतं.