एक ओळ राहून गेली

आवाज ओळखीचा होता, भाषा मात्र नव्हती.

भिगवणला हायवेलगतच्या एका खानावळीत उत्कर्षा तिच्या चुलत्यांबरोबर, तात्यांबरोबर, मासे खायला थांबली होती. बाहेर भुरभुर पाऊस लागलेला. मागून कुणीतरी म्हणालं, "आये, चिलापी संपली, मरळ हाय म्हणून सांग," आणि तिचा घास हातातच राहिला. हा आवाज गेले दोन महिने रोज तिच्या हेडफोनमध्ये बोलत होता. पण तो बोलायचा अगदी पुस्तकी, 'आपण हे तपासून पाहूया का' असं. तिनं तर मनातल्या मनात त्याला पुण्यातल्या कुठल्याशा अकराव्या मजल्यावर बसवून टाकलं होतं.

ती वळली. खांद्यावर टॉवेल, हातात रश्श्याची वाटी…

"ऋषिराज?"

त्यानं वाटी ठेवली, टॉवेल काढला, पुन्हा खांद्यावर टाकला. "उत्कर्षा मॅडम? तुमी — तुमी हितं कशा?"

"मी बारामतीजवळच्या पिंपळीची हाय," ती म्हणाली. "हितं न्हाय तर कुठं असणार?"

दोघंही हसली. तात्यांनी एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं ताटात लक्ष घातलं.

उत्कर्षा बारामतीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. बाकीची मंडळी एकेक करून पुण्याच्या ऑफिसात गेली. घरच्यांना सोडून जाववेना म्हणून ही मागं राहिली. सकाळी कुलूप तीच काढायची, संध्याकाळी तीच लावायची. डबा खाताना पंख्याचा आवाज ऐकायचा. दिवसभरात तिच्याशी बोलणारा माणूस एकच, कामापुरता बाहेरून नेमलेला ऋषिराज.

काम होतं शेतकऱ्यांच्या अ‍ॅपचं. उसाच्या पानाचा फोटो काढला की रोग कोणता ते सांगायचं. अ‍ॅप उत्कर्षानं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं होतं. फोटो तपासायचा भाग झटपट चालावा म्हणून तेवढा ऋषिराजनं रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहिला आणि तो जावाच्या पोटात बसवला.

भिगवणच्या त्या भेटीपासून फोन लांबले. दोघांची भाषा गावची झाली आणि कामाच्या गोष्टींत त्याच्या आईच्या मसाल्याच्याही गोष्टी मिसळायला लागल्या.

"तुमची जावा लई लाडावलेली," तो एकदा म्हणाला. "वापरायचं आन् टाकून द्यायचं. मागनं आवरणारं कुणीतरी येतंच."

"आन् तुमचं रस्ट?"

"आमच्यात ज्याची वस्तू त्यानं जपायची, त्यानंच आवरायची. दुसरं कुणी येत न्हाय."

तो हसत बोलला होता. तिला मात्र त्या रिकाम्या खोलीत ते चांगलंच लागलं.

मग अ‍ॅप बंद पडायला लागलं. तीस-चाळीस फोटो झाले की स्क्रीन काळी. पुण्याच्या साहेबांनी खापर थेट ऋषिराजवर फोडलं. बाहेरच्या माणसाचा कोड, दुसरं काय असणार! हे निस्तरलं की त्याचं काम थांबवायचं, असं ठरलं.

मंगळवारी उत्कर्षाला चूक सापडली. चूक तिची होती. फोटो तपासायला रस्ट जी मेमरी घ्यायचं, ती काम झाल्यावर मोकळी कर म्हणून जावाकडून सांगावं लागतं. तेवढी एक ओळ तिनं लिहिलीच नव्हती. जावाच्या सवयीनं तिनं धरून ठेवलं होतं की हेही आपोआप आवरलं जाईल. मेमरी साचत गेली आणि फोन गुदमरला.

ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ती लिहिली की काम संपलं, काम संपलं की फोन संपले… तिनं लॅपटॉप मिटला. उद्या लिहू म्हणाली.

बुधवारी तो थकलेल्या आवाजात म्हणाला, माझंच काहीतरी चुकत असेल, पुन्हा पहिल्यापासून बघतो. उत्कर्षाला स्वतःची लाज वाटली. आणि खोटं कशाला बोला, तो आवाज ऐकून बरंही वाटलं.

गुरुवारी सणसरहून धोंडाबाईंचा, अ‍ॅप वापरणाऱ्या एका शेतकरी बाईंचा, फोन आला. "पोरी, निम्म्या रानाचं फोटू काढलं आन् समदं गेलं बघ. पुन्यांदा सरीतनं चालायला गुडघं न्हाईत माजं."

उत्कर्षानं त्याच मिनिटाला ओळ लिहिली. दोनशे फोटो घालून पाहिले, अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही. साहेबांना कळवलं की चूक माझी आहे, ऋषिराजची नाही. धोंडाबाईंना सांगितलं की उद्या मी स्वतः येऊन राहिलेलं रान फिरते. मग कुलूप लावून तिनं भिगवणची एसटी पकडली.

खानावळीत गर्दी नव्हती. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऋषिराजनं ऐकून घेतलं.

"मंगळवारपासनं ठावं हुतं?"

"व्हय."

"तीन दिस मी सोताला येडा समजत हुतो, उत्कर्षा." 'मॅडम' गळालं होतं, पण आवाजात माया नव्हती. "का?"

आता इथं कुणी मागून येऊन आवरणार नव्हतं.

"काम संपलं असतं. मग तुमी कशाला बोलला असता माझ्याशी? त्या खोलीत दुसरं कुणी न्हाय हो… आन् असतं तरी मला तुमचाच आवाज पायजे हुता." ती थांबली. "रागवा. पर हे खरं हाय."

आतून त्याच्या आईनं, सिंधुबाईंनी, त्याला हाक मारली. तो गेला. तिला वाटलं, झालं. ती पर्स उचलून दारापर्यंत पोचली, तोच मागून ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. एक नाही, दोन ताटं होती. तो समोरच्या बाकड्यावर बसला होता, मान खाली घालून भाकरी मोडत.

"राग हाय मला," तो म्हणाला. "उतरंल चार दिसांत." "मलाबी दुसरीकडचं काम हितं बसूनच करावं लागतं, गिऱ्हाइकांच्या गलक्यात. तुमच्या हापिसात… एखादी खुर्ची हाय का मोकळी?"

उत्कर्षा दारातून परत फिरली आणि दुसऱ्या ताटापुढं बसली.

"सहा हायेत," ती म्हणाली. "एकीवर मी बसते."