आतून पाच फूट जास्त

टेपला पलीकडून हिसका बसला आणि ती जागच्या जागी थबकली.

टेपच्या दुसऱ्या टोकाची कडी तिने स्वतःच्या हाताने फाटकाच्या खिळ्याला अडकवली होती. खिळा काही हिसके देत नाही. ती भूलभुलैयाच्या पोटात कुठेतरी उभी होती. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झुडपांच्या भिंती, वर हातरुमालाएवढं आभाळ आणि हातात चामडी डबीतला काकांचा शंभर फुटी टेप. आत शिरायचं, मोजायचं आणि टेपच्या मागोमाग बाहेर पडायचं, असा तिचा बेत होता. बेत चांगला होता. फक्त मध्येच फाटकाशी कुणी माणूस उगवेल, हे तिने धरलं नव्हतं.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मीही तेच विचारणार होतो." आवाज पुरुषाचा होता, तरुण होता आणि हसू दाबल्यासारखा होता. "खिळ्याला कुणाची तरी कडी लटकत होती. मी काढून घेतली."

"काढलीत? अहो, त्या कडीवर माझी बाहेर पडायची सगळी मदार होती."

"मग काळजी नको. कडी माझ्याच हातात आहे. टेप गुंडाळत गुंडाळत या."

"मध्येच सोडणार नाही ना?"

"तुम्ही सांगाल तेव्हाच सोडेन."

ती गुंडाळत निघाली. टेप तीन कोपऱ्यांवर अडकला, चौथ्यावर तिची वेणी अडकली. शेवटचं वळण घेतलं तर समोर तो... मातीने माखलेले बूट, कानामागे पेन्सिल आणि दोन बोटांत ती कडी अशी अलगद धरलेली, जणू नुकत्याच निजलेल्या बाळाची मूठ. तो कडीकडे भुवया आक्रसून बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला आणि कडी तिच्या तळहातावर ठेवली. "मी इथला माळी. तुम्ही?"

"घराची मोजणी करायला आलेय."

"म्हणजे मोजणीबाई."

"बाई म्हणण्याएवढी मी मोठी नाही."

"मग मोजणीताई म्हणू?"

"बाईच बरं," ती म्हणाली — आणि उत्तर द्यायची आपण इतकी घाई का केली, हे तिचं तिलाच कळेना.

थोरलं घर विकायला निघालं होतं. टेकडीच्या पायथ्याशी दीडशे वर्षांचं दगडी घर, ओळीने सात दालनं, मागे नासपतीची बाग, एक तळं आणि कडेला हा भूलभुलैया. मालकीणबाई सत्तरीच्या होत्या, पण घराच्या आठवणींनी डोळे पुसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "दीडशे वर्षं झाली, गरम पाणी अजून वरच्या मजल्यावर पोचलं नाही," त्या म्हणाल्या. "मला लिफ्टचं घर हवंय. तू भराभर मोज, पोरी."

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको. शुक्रवारी दुपारी ते आपला इंजिनिअर घेऊन येणार, तो नकाशा पडताळणार, आणि सगळं जुळलं तर लगेच सह्या. भूलभुलैया तोडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असं डॉक्टरांनी कळवूनही टाकलं होतं. म्हणजे सह्या झाल्या की माळ्याचं कामही संपलं. दूरच्या एका शहरातल्या रोपवाटिकेने त्याला बोलावलं होतं.

मोजणी खरं तर काकांची. इतकी वर्षं काका मोजून आणायचे आणि ती ऑफिसात बसून आकडे कागदावर उतरवायची. पण ऐन वेळी काकांची कंबर धरली. "आता तूच जा," ते पलंगावरून म्हणाले. "नकाशा पास झाला तर दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'आणि पुतणी' लिहून घेतो. नाही झाला तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, नुसतं झेरॉक्स मशीनच्या दिशेने बघितलं. गेली चार वर्षं ती त्या मशीनशी संसार करत होती. पाटी तिला हवी होती. इतकी, की ती पाच अक्षरं कुठल्या रंगात लिहायची हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

टेप एकटीला धरता येत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.

"मी धरतो की," माळी म्हणाला. "नासपत्या काही पळून जात नाहीत."

सोमवारी त्यांनी घर बाहेरून मोजलं. पहिल्याच खेपेला त्याने टोक मध्येच सोडलं, टेप सरसरत आला आणि फटकन तिच्या घोट्याला लागला.

"एक नियम लक्षात ठेवा," ती घोटा चोळत म्हणाली. "मी 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"आणि तुम्ही म्हणायला विसरलात तर?"

"तर धरून बसा."

"जेवायच्या वेळेपर्यंत?"

"जेवायच्या वेळेनंतरसुद्धा."

"हे काम मला जमेल," तो गंभीरपणे म्हणाला.

घराची समोरची लांबी टेपच्या दोन ताणांत बसली. बेरीज एकशे बत्तीस फूट. मंगळवारी आतली सात दालनं मोजली — एकेका दालनाला एक ताण. भिंतींची जाडी तिने दारांच्या चौकटीत लाकडी फूटपट्टीने घेतली. संध्याकाळी खिडकीत बसून सगळं मिळवलं आणि ती बघतच राहिली. एकशे सदतीस.

"हे घर," ती सावकाश म्हणाली, "बाहेरून आहे त्यापेक्षा आतून पाच फूट जास्त आहे."

माळ्याने खोकल्यासारखं काहीतरी केलं. "काही माणसंही तशी असतात."

"मी चेष्टेच्या मनःस्थितीत नाहीये."

"मग उद्या परत मोजावं लागेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख असायला हवं होतं. तिने नीट ऐकलं; ते नव्हतं.

बुधवारी परत मोजलं. बाहेर पावसाची भुरभुर होती, आत रिकाम्या दालनांत पावलं घुमत होती. निळ्या दालनाच्या या भिंतीशी ती, त्या भिंतीशी तो, मध्ये ताणलेला टेप. ताणलेल्या टेपमधून पलीकडच्या माणसाचा हात कळतो, हे काकांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तो श्वास घेई तेव्हा टेप किंचित हलायचा. ती आकडा वाचायची आणि 'सोडा' म्हणायला जरासा — अगदी जरासाच — उशीर करायची.

"बावीस," ती म्हणायची.

"नक्की?"

"का? तुम्हाला शंका आहे?"

"छे. मी कोण शंका घेणारा... मी आपला टोकाचा माणूस."

बुधवारचं उत्तरही एकशे सदतीस. मालकीणबाई दारातून डोकावल्या. "पोरी, तू माझं घर मोजतेयस की त्याच्यात बिऱ्हाड करतेयस?"

"जुळत नाहीये, बाई."

"बाहेरून तर मला छान जुळताना दिसतंय," म्हणत त्या निघून गेल्या. माळी लगबगीने खिडकीबाहेरचा पाऊस बघायला लागला. तिने वहीत डोकं घातलं ते कान गार होईपर्यंत वर काढलं नाही.

गुरुवारी तिसऱ्यांदा मोजलं. एकशे सदतीस.  उद्या दुपारी इंजिनिअर येणार, पहिली बेरीज करणार आणि हसणार. आणि सोमवारपासून पुन्हा झेरॉक्स मशीन. मनात एक वेडावाकडा विचार आला आणि तो गिळायच्या आत तोंडातून निघूनही गेला.

"तुम्ही मुद्दाम टोक सरकवताय का?"

त्याचा चेहरा उतरला. "सुतभरही नाही. भिंतीला टेकवून धरलंय, दर वेळी. वाटल्यास बोटांवरचा चुना बघा."

बोटांवर खरंच चुना होता. तिला ओशाळल्यासारखं झालं. तिने काकांना फोन लावला.

"काका, सगळं तीनदा मोजलं. आतून पाच फूट जास्त भरतंय."

"सगळ्यातून एकेक वजा केलास ना?" काका म्हणाले.

"कशातून एकेक?"

 मग काका म्हणाले, "अगं, त्या टेपचा पहिला फूट नाहीये. मागे एकदा दाराच्या फटीत सापडून तुटला, मी कडी पुढे बसवून घेतली. मी आपला मनातल्या मनात एक वजा करतो. अठरा वर्षं झाली. तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही, काका."

"मग आता सांगतोय," काका म्हणाले आणि कंबर दुखतेय म्हणून फोन ठेवला.

तिने टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं. कडीला अगदी लागून, ठसठशीत, एकचा आकडा. दर ताणाला एक फूट जास्त. बाहेर दोन ताण, आत सात. म्हणून पाच. ती चार दिवस डबीच्या बाजूला उभी होती. कडी हातात येऊनही सुरुवात कुठून होते, हे तिने बघितलंच नव्हतं. सुरुवात बघितली होती एकाच माणसाने...

तिने मान वर केली. माळी छताच्या नक्षीत गढून गेला होता.

"तुम्हाला माहीत होतं."

"नक्षी फार सुरेख आहे."

"कधीपासून?"

"सोमवारी फाटकाशी कडी हातात आली तेव्हापासून," तो छतालाच सांगत म्हणाला. मग त्याने मान खाली केली. "पहिल्या दिवशी वाटलं, तुमच्यात असंच असेल काहीतरी. मंगळवारी पाच फूट निघाले तेव्हा कळलं. सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी बेरीज जुळवून निघून गेला असता."

"आणि माझी पाटी?" तिने टेप खाली ठेवला. "तुम्हाला गंमत वाटली. माझं चार वर्षांचं..."

"थांबा." त्याने सदऱ्याच्या खिशातून बियांची रिकामी पाकिटं काढली. आठ होती. झेंडू, वाटाणा, मुळा... प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने काटेकोर अक्षरांत लिहिलेलं: निळं दालन, तुमचे बावीस, खरे एकवीस. जेवणाचं दालन, तुमचे अठरा, खरे सतरा. आठव्या पाकिटावर बाहेरची लांबी आणि खाली दोनदा अधोरेखित — एकशे तीस.

"तुम्हाला तोंडघशी पडू दिलं नसतं," तो म्हणाला. "उद्या सकाळी देणार होतो."

"उद्या सकाळी का? आज का नाही?"

तो बुटावरची माती बघत राहिला. "आजचा दिवस हवा होता."

 रागावायचं होतं, राग सापडत नव्हता. पाकिटं घेऊन ती खिडकीत बसली. आतून एकशे तीस. बाहेरून एकशे तीस. घर पहिल्यांदा जुळलं. आनंदाने टुणकन उडी मारावी असा क्षण — आणि तिच्या छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. जुळलं म्हणजे संपलं.

"जुळलं," ती म्हणाली.

"छान झालं," तो म्हणाला.

दोघांचेही चेहरे दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर आल्यासारखे झाले होते.

शुक्रवारी इंजिनिअरने दोन तास पडताळलं, एका बेरजेवर खूण केली, दुसऱ्या बेरजेवर खूण केली आणि म्हणाला, "स्वच्छ काम." आता सह्यांना फक्त डॉक्टर हवे होते. डॉक्टर कुठे दिसेनात. तोडायच्या आधी एकदा बघून घ्यावा म्हणून ते भूलभुलैयात शिरले होते, त्याला पाऊण तास झाला होता. झुडपांच्या आतून मधूनमधून, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून, त्यांची हाक यायची.

डॉक्टरांच्या बाई तळ्याकाठच्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. माळी त्यांच्याजवळ गेला. "साहेबांना बाहेर काढू का?"

"एवढी घाई कशाला," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदा मला इतकी शांतता मिळालीय." मग एक डोळा उघडून त्यांनी त्याला विचारलं, "हा भूलभुलैया राखायला रोज माणूस लागतो?"

"रोज."

"मग तुम्ही राहा. गाड्या दुसरीकडे लावू." त्या मोजणीबाईकडे वळल्या. "आणि तुम्ही याचाही नकाशा काढा. मात्र ह्यांना दाखवू नका."

सोमवारी सकाळी काकांच्या दारावर रंगारी शिडी लावून 'पुतणी'ची वेलांटी रंगवत होता, तेव्हा पुतणी टेप घेऊन भूलभुलैयाच्या फाटकाशी उभी होती.

"एक वजा करायचा, लक्षात आहे ना?" माळी कडी हातात घेत म्हणाला.

"आहे. आणि तुमची रोपवाटिका?"

"शनिवारीच नाही म्हणून कळवलं."

"डॉक्टरीणबाईंनी राहायला सांगितलं म्हणून?"

"त्यांनी शुक्रवारी सांगितलं," तो म्हणाला. "पत्र मी गुरुवारी रात्रीच लिहून ठेवलं होतं."

 डबी घेऊन ती आत शिरली. एक वळण, दुसरं, तिसरं... टेप सरसरत मागे सुटत गेला. मधोमध एक छोटी मोकळी जागा होती, तिथे ती थांबली. आकडा वाचला. एक वजा केला. वहीत लिहिला.

"झालं?" फाटकाकडून हाक आली.

आता एकच शब्द म्हणायचा होता. तो म्हटला की पलीकडची बोटं उघडतात आणि टेप एकटाच परत येतो. तिने ओठ मिटून घेतले आणि हळूहळू डबीची मूठ फिरवायला लागली.

टेप ताणला गेला. मग सैल झाला. मग पुन्हा ताणला गेला. झुडपांपलीकडे बुटांचा आवाज आला — एक वळण, दुसरं...

"मोजणीबाई, तुम्ही सांगायला विसरलात."

"विसरले नाहीये."

मूठ फिरत राहिली. शेवटचे दोन-चार फूट उरले, तेव्हा कोपऱ्यावरून आधी कडी आली, मग ती धरलेली दोन बोटं, आणि मग तो.

"अजून धरून ठेवू?" त्याने विचारलं.

"धर," ती म्हणाली. "जेवायची वेळ व्हायला अजून खूप अवकाश आहे."