घोडा जेवला का?

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी स्वतःला त्यात घोडा केलं नसतं.

आणि ही रात्री घडलेली नाही. त्याला माझा इलाज नाही. जर्मनीत जुलैमध्ये साडेदहापर्यंत उजेड असतो आणि म्युझियम पाचला बंद होतं. जे घडलं ते रविवारी, भर दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात घडलं.

तारीखही सांगतो. सुरुवात ६ जुलै २०२५. जागेचं नाव सांगणार नाही. ड्युसेलडॉर्फहून दोन गाड्या बदलल्या की एक जुना कालवा लागतो. त्याच्या काठावर कालव्याचं छोटं म्युझियम आहे.

मी तेव्हा मास्टर्स करत होतो. पैसे हवे होते म्हणून मिनीजॉब शोधला, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण रविवार होतं.

जर्मनीतला रविवार एकट्या माणसाने एकदा काढून बघावा. दुकानं बंद. रस्ते रिकामे. वॉशिंग मशीन लावायचं नाही, आवाज होतो. आठवडाभरात मी बेकरीतल्या बाईशी तीन वाक्यं बोलायचो आणि रविवारी बेकरीही दुपारी बंद व्हायची.

आल्झो, म्हणजे तर मग, घोडा.

पूर्वी इंजिनं नव्हती तेव्हा कालव्याच्या काठाने घोडे चालायचे आणि लांब दोराने बोट ओढायचे. म्युझियममध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी मुलांना तसंच एका छोट्या बोटीतून फिरवतात. त्यासाठी खरा घोडा होता. त्याला संधिवात झाला. मग त्यांनी जाहिरात दिली आणि मला घेतलं. टॅक्स नंबर मागितला, विम्याचा कागद मागितला. घोडा म्हणून अनुभव आहे का, एवढंच विचारलं नाही.

डोक्यावर कागदाच्या लगद्याचं घोड्याचं तोंड, कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला दोर. पाण्यात बोट फार जड लागत नाही. म्युझियमच्या फ्राऊ ब्रिंकमान भिंतीवर ड्युटीचा तक्ता लावायच्या. त्यात सगळ्यांची नावं होती. माझ्या जागी 'घोडा' लिहिलेलं होतं.

दुपारी एक ते दोन माझी सुट्टी. सावली फक्त एकाच ठिकाणी होती, हेडविगवर.

हेडविग ही जुनी मालवाहू बोट. कायमची काठाला बांधलेली. पूर्वी बोटवाल्याचं अख्खं कुटुंब तिच्यावरच राहायचं. चार पायऱ्या उतरलं की त्यांची खोली. एक चूल, एक टेबल, समोरासमोर दोन स्टुलं, आणि टेबलावर चार ताटल्या. नवरा, बायको, दोन मुलं. कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून ताटल्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या. त्यात प्लास्टरचे बटाटे. दाराशी खुंटीला दोन छोटे दोर. पाण्यात पडू नयेत म्हणून मुलांना कमरेला बांधून ठेवायचे त्याचे.

कर्मचाऱ्यांना तिथे जेवायची परवानगी होती. पण बाकीचे सगळे ब्राटवुर्स्टच्या, म्हणजे भाजलेल्या सॉसेजच्या, टेबलाशी एकत्र बसायचे. मला कुणी बस म्हणालं नाही, नको बसूसही म्हणालं नाही.

पहिल्या रविवारी मी हेडविगवर एकटा बसून पोहे खाल्ले आणि डबा तिथेच विसरलो.

डबा साधा. स्टीलचा, वर पारदर्शक झाकण. आईने दिलेला. अर्धे पोहे आत राहिले होते.

१३ जुलैला मी तो शोधत खाली उतरलो. डबा टेबलावर होता.

धुतलेला. पुसलेला.

आणि झाकणाला आतून... वाफ धरली होती.

उघडला. आत दोन उकडलेले बटाटे. शेजारी कागदाच्या पुडीत मीठ.

बटाटे गरम होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीत मी शेजारच्या जर्मन आजोबांना डब्यातून लाडू दिले होते. चार दिवसांनी डबा दाराशी आला. चकचकीत धुतलेला, वर 'आभार' लिहिलेली चिठ्ठी. आणि रिकामा. आईला फोनवर सांगितलं तर तिने 'रिकामाच?' असं दोनदा विचारलं. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसेल तर चमचाभर साखर टाकून देतात. मग ती म्हणाली, "असू दे रे. त्यांच्यात पद्धत नसेल."

आणि आता हा डबा भरून आला होता.

मी फ्राऊ ब्रिंकमानना विचारलं, बटाट्यांबद्दल कुणाचे आभार मानू. त्यांनी माझ्याकडे ऊन लागलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. हेडविगची किल्ली फक्त त्यांच्याकडे. आठवडाभर कुणी आत गेलेलं नाही. आणि चूल नुसती दाखवायला, धुराडं केव्हाच विटांनी बुजवलेलं.

मी बटाटे खाल्ले. का खाल्ले ते विचारू नका. मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला एवढंच सांगितलं की कामावरच्या एका बाईंनी डबा भरून दिला. आई इतकी खूश झाली की मला पुढचं सांगवेना. म्हणाली, "बघ, माणसं भेटतात. तूही दे काहीतरी."

मी आधीच दिलं होतं. त्या दिवशीचं थालीपीठ मी डब्यात ठेवून आलो होतो.

२० जुलैला म्युझियमचा फामिलियनटाग होता, म्हणजे कुटुंबांसाठीची छोटी जत्राच. काठावर गर्दी. गाठी मारायची स्पर्धा, कागदी होड्या, चेहरे रंगवणं, दोन बाबागाड्यांची टक्कर. बरं वाटलं. भूत असलंच तर एवढ्या गोंगाटात कसं येईल.

एक वाजता खाली उतरलो. डब्यात काळा पाव आणि आलुबुखारचा मुरंबा.

मी खायला बसलो. आणि बोलायला लागलो. मराठीत. रूमचं भाडं, अडकलेला थीसिस, झोप न येणं... रिकाम्या खोलीशी कोण बोलतं? पण मी नऊ महिने रिकाम्या खोलीशी न बोलून बघितलं होतं. त्यानेही फारसा फरक पडला नव्हता.

बोलता बोलता लक्षात आलं.

वरचा गोंगाट ऐकू येत नव्हता.

तीनशे माणसं काठावर, आणि आत एकही आवाज नाही. फक्त माझ्या पाठीमागे... भांडं विसळल्यासारखं पाणी.

मी बोलायचा थांबलो. पाणी थांबलं.

मग समोरचं स्टूल करकरलं. कुणी हातातलं काम टाकून ऐकायला बसावं, तसं.

स्टुलावर कुणी नव्हतं.

मी पाव संपवला. पळालो नाही, कारण पाय हलत नव्हते. आणि अजून एका कारणाने. ते शेवटी सांगतो.

दोन वाजता पुन्हा घोडा झालो. बोटीत एक मराठी कुटुंब होतं. नीता वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची अन्वी. वहिनी माझ्याशी मराठीत बोलायला लागल्यावर अन्वीला घोड्याला मराठी येते याचं फार आश्चर्य वाटलं. तिला मराठी कळायची, पण उत्तर जर्मनमध्येच.

हेडविगच्या बाजूने जाताना अन्वीने तिकडे हात हलवला. मग मला हाक मारली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. घोड्याच्या तोंडात मला नीट ऐकू आलं नाही. मी वहिनींकडे बघितलं.

वहिनी हसत म्हणाल्या, "अहो, ती म्हणतेय, त्या बोटीवरची बाई विचारतेय... घोडा जेवला का?"

बोटीवर कुणी नव्हतं.

मी अन्वीला म्हणालो, "हो म्हणावं. जेवला."

अन्वीने ते जर्मनमध्ये ओरडून सांगितलं. थोडं थांबली, मान डोलावली आणि मला म्हणाली, "गूट." म्हणजे छान. मग पुन्हा कागदी होडीत गुंग झाली.

मी दोर ओढत राहिलो. तोंडाच्या आत मी रडत होतो. घोड्याच्या तोंडाचा तेवढा एक फायदा.

२७ जुलै हा माझा शेवटचा रविवार. हायडेलबर्गला इंटर्नशिप मिळाली होती, एक ऑगस्टपासून. निरोपाचा म्हणून शिरा केला. केळं घालून. वेगळ्या डब्यातून नेला, म्हणजे माझा स्टीलचा डबा परत आणता येईल.

चार पायऱ्या उतरलो.

टेबलावर पाच ताटल्या होत्या.

पाचवी मी बसायचो त्या स्टुलासमोर. बाकीच्यांसारखीच जुनी, कड उडालेली, स्क्रूने बसवलेली. स्क्रू गंजलेले होते. त्या ताटलीत मात्र प्लास्टरचा बटाटा नव्हता. तिथे माझा डबा होता. झाकणाला आतून वाफ.

मी मागे सरलो. पाठ खुंटीला लागली.

खुंटीला दोन दोर असायचे.

आता तीन होते.

तिसऱ्याचा फास मोठा होता. मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. मी तो हातात घेऊन बघितला, कारण मी मूर्ख आहे. चामड्याच्या पट्ट्याने माझ्या कमरेला जिथे वळ उठला होता, बरोबर तिथे तो बसला असता.

मागे भांडं विसळायचा आवाज येत होता, तो थांबला.

माझं स्टूल टेबलापासून जरा मागे सरकलं. कुणाला बसायला जागा करून द्यावी तसं...

मी शिरा तिथेच टाकून पळालो. घोड्याचं तोंड डोक्यावरून न काढताच, सरळ स्टेशनपर्यंत. गाडीत माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. जर्मनीत लोक दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत पडत नाहीत.

तोंड मी नंतर पार्सलने परत पाठवलं. डब्याबद्दल काही लिहिलं नाही.

आता मी हायडेलबर्गला आहे. चांगलं शहर आहे. मी इथे कुणालाच ओळखत नाही.

मागच्या आठवड्यात म्युझियमची मेल आली. येत्या उन्हाळ्याचे कार्यक्रम. मुलांसाठी गाठी, होड्या, हेडविगची सफर. सोबत खोलीचा फोटो, खाली तारीख फेब्रुवारीची.

टेबलावर पाच ताटल्या. खुंटीला तीन दोर.

मी फ्राऊ ब्रिंकमानना फोन केला. जमेल तितक्या सहज विचारलं, हेडविगवर ताटल्या किती आहेत?

"पाच," त्या म्हणाल्या. "नेहमीच पाच होत्या."

मग त्यांनी यंदा येणार का विचारलं. घोड्याच्या जागेसाठी अजून कुणी अर्ज केलेला नाही म्हणे.

कळवतो म्हणालो.

पण फोटोतली एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. पाचव्या ताटलीत स्टीलचा डबा आहे. हिवाळ्यात म्युझियम बंद असतं, कालवा कधीकधी गोठतो. मी फोटो मोठा करून बघितला. रोज बघतो.

झाकणाला आतून वाफ धरली आहे.

२० जुलैला, स्टूल करकरलं तेव्हा, मी पळालो नाही, त्याचं दुसरं कारण सांगायचं राहिलं. माझ्यासमोर कुणीतरी बसलं होतं आणि माझं जेवण होईपर्यंत उठलं नव्हतं. जर्मनीत आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

हेडविगवर काय आहे, मला माहीत नाही. तिसऱ्या दोराला ते काय बांधणार होतं, याचा विचार मी करत नाही. निदान दिवसा.

आज रविवार आहे. सगळं बंद आहे. दुपारचा एक वाजत आलाय.

मी अजून जेवलेलो नाही.