‘येते हां’ म्हणाली ती

सकाळी ठाण्याची मंडळी निघाली. त्यांच्यातल्या आजी गाडीत बसता बसता मला म्हणाल्या, "येते हां." मी नुसते हात जोडले. ते तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही विचारलंत, म्हणून बरं वाटलं. बाकीचे न विचारता रागावतात. किहीमला पाहुण्यांना खोल्या देऊन पोट भरणारी बाई, आणि निघालेल्या पाहुण्याला "या" म्हणत नाही, म्हणजे आगाऊच म्हणायची. विनेश, माझा नवरा, म्हणतो, "पूनम, तू एक दिवस धंदा बुडवणार." बुडवीन बापडी. तुम्ही जरा अशा इकडे सरका, कंदील मध्ये ठेवते. लाइट यायला वेळ आहे. आणि घाबरायचं काही नाही, मी तुमच्यासमोर माझ्या दोन पायांवर उभी आहे, म्हणजे गोष्टीचा शेवट चांगलाच झाला असं समजा.

गेल्या श्रावणात घरामागचं गटार तुंबलं, ते मोकळं करायला मी उतरले. पायात चप्पल नाही, टाचेला चीर पडलेली. मग ताप आला. खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून अंगावर काढला. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा विनेशनं मला अलिबागला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासून सरळ पनवेलचा रस्ता दाखवला. लेप्टो, उंदरांच्या घाणीच्या पाण्यातून होतो तो. फुप्फुसात उतरला होता. वाटेत वडखळच्या आसपास मला श्वास पुरेनासा झाला, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते घशात नळी घालून, मशीनला जोडलेल्या अवस्थेतलं.

डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. अंग आजारी पडतं तसा मेंदूही आजारी पडतो. मला तेव्हा असलं नाव माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मांडव्याच्या लाँचमध्ये मला खाटेला बांधलंय, लाँच काही गेटवेला लागत नाही, आणि छतावर खेकडे फिरतायत. खरं सांगते, जीव घाबरा झालेला असतानाही मी मनात त्या खेकड्यांचा भाव करत होते. हात बांधलेले होते हे मात्र खरं होतं. नळी उपसून काढू नये म्हणून मऊ पट्ट्यांनी बांधतात. तिथे दिवस नाही, रात्र नाही. सदा तोच पांढरा उजेड, मशीनची टूं टूं, आणि हाताला चोळायच्या त्या स्पिरिटचा गार वास.

शेजारच्या खाटेवर कुणीतरी बाई होती. मध्ये पडदा होता. पडद्याच्या फटीतून तिचा एक हात तेवढा दिसायचा. मनगटावर गोंदणाची वेल आणि मासळी सोलून झिजलेली नखं. खाटेच्या लोखंडी कठड्यावर ती बोटानं वाजवायची. एकदा टक, मग थांबून टकटक. मीही माझ्या कठड्यावर वाजवायचे. बोलणं नाही, तोंड बघितलेलं नाही, पण तुम्हाला सांगते, त्या सगळ्या खेकड्यांच्या गर्दीत ते टक-टकटक एवढंच माझ्या ओळखीचं होतं. ते ऐकू आलं की वाटायचं, आपण अजून आहोत.

मग एकदा तिच्या बाजूला धावपळ झाली. मशीन ओरडायला लागलं. कुणीतरी पडदा पूर्ण ओढला. चाकं खडखडली... आणि सगळं गप्प झालं.

आणि माझ्या कानाशी आवाज आला, "येते हां."

भसाडा नाही, भुताखेताचा वाटावा असाही नाही. हळदीकुंकवाला आलेली बाई उंबऱ्याशी थांबून म्हणते, तसा घरगुती आवाज. आपल्यात निघताना कुणी "जाते" म्हणत नाही. लहानपणी तोंडातून "जाते" निघालं की आई पाठीत धपाटा घालायची. "येते" म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्यानं "ये" म्हणायचं. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की अर्थाकडे कोण बघतो? मीही म्हणाले, "ये." नळीमुळे आवाज फुटला नाही, पण ओठ आपोआप फाकले.

पुढच्या वेळी शुद्ध आली तेव्हा पडदा उघडा होता. शेजारच्या खाटेवर ताणून घातलेली कोरी चादर, आणि खाली फरशीला फिनेल. काय समजायचं ते मी समजले. नळी निघाली, आवाज परत आला, तरी मी सिस्टरना तिच्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी हिंमत नव्हती. मेलेली बाई मला "येते" म्हणाली होती आणि मी तिला "ये" म्हटलं होतं.

घरी आले. लोक पेढे घेऊन बघायला आले. मला चमचा उचलवत नव्हता. केस मुठीमुठीनं गळत होते. पाय शेवग्याच्या शेंगेसारखे झाले होते. व्यायाम करून घ्यायला अलिबागहून रुचिका नावाची फिजिओथेरपिस्ट यायची, गोड मुलगी, पण हट्टी. ती म्हणायची, "काकू, मशीनवर पडून पडून स्नायू उतरलेत. ते परत येतात. फक्त पाय खाली सोडा." आणि मी सोडतही होते. भिंतीला धरून उभीसुद्धा राहायला लागले होते.

मग ती आली.

भर दुपारची वेळ होती. विनेश पाहुण्यांना आणायला मांडव्याला गेलेला. वाडीत नारळाची झावळी पडल्याचा आवाज झाला, मग तोही नाही. वारा पडलेला. समुद्रसुद्धा लांब गेल्यासारखा वाटत होता. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि पायाशी वाजलं.

टक... टकटक.

आमची खाट सागवानी आहे. तिला कठडा नाही. पण आवाज लोखंडाचा होता. पाठोपाठ स्पिरिटचा तो गार वास आला, आमच्या खोलीत, जिथे सुकवलेल्या आमसुलांशिवाय कसला वास नसतो. मग माझ्या पायापाशी गादी दबली. कुणीतरी सावकाश, दमलेलं माणूस बसतं तसं बसलं.

मी वळून बघितलं नाही. बघवलंच नाही. विनेशची गाडी वाजेपर्यंत डोळे मिटून पडून राहिले.

"विनेश..." तो आत आल्यावर मी हळूच म्हटलं, "माझ्या पायाशी कुणी बसलंय का?"

"पायाशी? नाही गं."

"नीट बघ..."

तो माझ्याकडे असं बघायला लागला की त्याच्या नजरेचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. त्यानंतर त्याला काही सांगितलं नाही.

ती रोज यायची नाही. पण यायची ती दुपारी, मी एकटी असताना. काही मागायची नाही, बोलायची नाही. नुसती बसायची. आणि आमच्या खाटेची एक बाजू भिंतीला लागलेली. उतरायचं तर दुसऱ्या बाजूनं, जिथे ती बसते. मी पाय खाली सोडणं बंद केलं. रुचिकानं समजावलं, रागावली, शेवटी रडकुंडीला आली. "काकू, आता उभ्या राहिला नाहीत तर गुडघे धरतील. मग कायमचं खाटेवर." मला ते कळत होतं हो! कळत नव्हतं ते एवढंच, की ही बाई मला न्यायला आली आहे, की माझं डोकंच त्या हॉस्पिटलात राहिलंय. दोन्हींत माझं मरणच होतं.

रुचिकानंच शेवटी डॉक्टर आफियांना फोन केला. त्या आयसीयूच्या डॉक्टर, मुरुडकडच्या. आयसीयूतून घरी गेलेल्या लोकांना त्या पुन्हा तपासायला बोलावतात. विनेशनं मला उचलून गाडीत घातलं. डॉक्टरांपुढे मात्र मी सगळं ओकले. खेकडे, लाँच, पायाशी बसणारी बाई. त्या एकदाही हसल्या नाहीत.

"पूनमताई, तुम्हाला वेड लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही माणसाला वाचवायला शिकलोय. वाचल्यावर घरी त्याचं काय होतं, हे बघायला आत्ता कुठे लागलोय. आजकाल आम्ही झोपेची औषधं कमी देतो, पेशंटला लवकर बसवतो, घरच्यांना आत येऊ देतो. तरी भास राहतात. तुमची खाट बघायला याल? जागा परत बघितली की पुष्कळांची भीती उतरते. जरा बाहेर थांबा, आत विचारून येते."

मी व्हीलचेअरवर बाहेर थांबले. विनेश चहा आणायला गेला. लोक बसलेले, टीव्ही चालू, खिडकीतून ऊन.

आणि माझ्या मागे वाजलं. टक... टकटक.

पण त्या दिवशी, काय झालं कोण जाणे, मला राग आला. इथेही? मी मान वळवली. मागच्या लोखंडी बाकावर एक हात होता. मनगटावर गोंदणाची वेल. हाताच्या मागे जाड भिंगाचा चष्मा लावलेली, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, उगाच बसल्या बसल्या बोट वाजवत होती.

मी किंचाळले. म्हातारी दचकली. माझ्या नकळत मी व्हीलचेअरच्या दांडीवर तेच वाजवत होते, ते बघून ती माझ्यापेक्षा मोठ्यांदा किंचाळली.

"आगं बाय! तू जित्ती हायस?"

"तुम्ही गेलात ना...?"

"मी कशाला जातंय? मना दुसऱ्या वार्डान न्हेला, पोटाचा आप्रेशन केला. तूच मेलीस असा मना वाटला!"

थळच्या कोळीवाड्यातल्या गोदूबाई, त्याही डॉक्टर आफियांकडेच तपासायला आलेल्या. थळ आमच्या किहीमपासून फार लांब नाही. मी त्यांचा हात धरला. ऊन लागलेला, खरखरीत, जिवंत हात. मी रडायला लागले आणि त्या हसायला. मग उलटं झालं. मी त्यांना म्हटलं, तुमचं भूत दुपारी माझ्या खाटेवर येऊन बसतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आनि तुजा माझेकडं! मासली सुकत घातली का बाजूला येऊन बसतंय. मी तर चहा ठेवायची गो, येडी. बोलली, पोर तरनी गेली, पी बाय."

विनेश चहा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी पदरानं डोळे पुसत हसत होतो. छातीवरची धोंड उतरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कुणी मेलं नव्हतं. कुणी मला न्यायला आलं नव्हतं. माझं डोकं ठिकाणावर होतं.

डॉक्टर आफिया परत आल्या. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, ह्या जाताना मला येते म्हणाल्या, त्यावरून हे सगळं रामायण."

गोदूबाईंचं हसू थांबलं. "मी? मी न्हाय गो बोलली. माझे गल्यान नली व्हती. तूच बोललीस ना, येते हां? मी ये बोलली."

"माझ्याही घशात नळी होती, गोदूबाई..."

"नळी असताना आवाज निघूच शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोघींनाही भासच झाला." त्या असं शांतपणे म्हणाल्या की आम्हीही माना डोलावल्या. दोघींना एकच भास, एकच शब्द. असेल. आम्ही ठरवलं, असेल.

आत जायचं म्हटल्यावर मी व्हीलचेअर नको म्हटलं. गोदूबाईंनी एका बाजूनं धरलं, विनेशनं दुसऱ्या. कितीतरी दिवसांनी माझे पाय फरशीला लागले, आणि मी चालले. विनेश तोंड फिरवून डोळे पुसत होता, मी बघितलं. आयसीयू केवढीशी होती! लाँच नाही, खेकडे नाहीत. छताला साध्या पांढऱ्या पट्ट्या. मला तर हसू आलं.

माझ्या खाटेवर एक कॉलेजातली मुलगी होती. नळी लावलेली, हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले. पायाशी नाव, भाविका. आम्ही जवळून गेलो तेव्हा तिनं डोळे उघडले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, गोदूबाईंकडेही नाही. आमच्या दोघींच्या मधे बघितलं. आणि नळीच्या दोन्ही बाजूंनी तिचे ओठ हळूच फाकले. "ये" म्हणतानाचा तो आकार मला चांगला ओळखता येतो.

गोदूबाईंनी माझा दंड घट्ट दाबला.

त्या दिवसापासून माझ्या खाटेवर कुणी बसलं नाही. थळलाही नाही. मी आता वाडीतून एकटी समुद्रापर्यंत जाते, गोदूबाई बाजारच्या वाटेवर माझ्याकडे चहाला थांबतात, आणि दुपारी मला अशी गाढ झोप लागते की विनेश घोरण्यावरून चिडवतो.

त्या मुलीचं काय झालं, ही रुखरुख होती. शेवटी सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो, छान बरी होऊन घरी गेली की! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सिस्टर स्वतः तिला गाडीपर्यंत सोडायला गेल्या होत्या. मागच्या सीटवर आई आधीच बसली होती, शेजारी जागाही भरपूर होती. तरी पोरगी दार धरून उभीच राहिली आणि आईला म्हणाली, "जरा सरक ना गं, हिला बसू दे."